मोठ्यांचं माप

लॅबमध्ये माझ्यासमोरच्या ट्रेमध्ये रक्ताच्या, निळ्या झाकणाच्या दोन नळ्या होत्या: एक काल जन्मलेल्या मुलीची, दुसरी तिच्या बापाची. “मुलगी माझ्यावरच गेलीय, माझंही तपासा,” असा त्याचा हट्ट. मुलीचं आजचं ऑपरेशन रक्ताच्या अहवालावर अडलं होतं. बापाचं रक्त गोठायला चौतीस सेकंद लागले, मुलीचं गोठायला अठ्ठेचाळीस. नव्या मशीनने तिचा आकडा लाल छापला. तो पाहून बाप बाकावर मटकन बसला. त्याच्या शेजारी बसलेली मुलीची आजी म्हणाली, “घाई तुमच्या मशीनला असेल, माझ्या नातीला नाही!” मी हसले आणि थबकले. मशीनने मर्यादा मोठ्यांची धरली होती: चाळीस. नवजात बाळांचं रक्त सावकाशच गोठतं. त्यांची मर्यादा मशीनमध्ये भरायची राहून गेली होती. ती भरून नळी पुन्हा लावली. “आजी, तुमचंच खरं!” मी म्हणाले. बाप टुणकन उठला. मशीनने काळ्या शाईत छापलं: अठ्ठेचाळीस सेकंद, बाळांची मर्यादा चौपन्न.