मंडळीचा सक्रिय सहभाग

चिटणीसांनी उजवा हात वर केला आणि दोनशे तोंडं एकदम उघडली.

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक!"

चर्चच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. चिटणीसांचा ऊर भरून आला. सहा महिन्यांपूर्वी याच मंडळीकडून साधं 'आमेन' वदवून घ्यायचं म्हणजे दगडाला पाझर फोडण्यासारखं होतं. माणसं यायची, बाकांवर मुक्काम ठोकायची, उपदेश संपेपर्यंत छताचे पंखे मोजायची आणि घरी जायची. मग पाळकसाहेबांच्या मनानं घेतलं, की उपासना म्हणजे बसून बघायचं नाटक नव्हे. साध्यासुध्या विश्वासी माणसांनी तीत सक्रिय सहभाग घ्यायला हवा. दर रविवारी पाच जणांनी उभं राहावं आणि आपल्या शब्दांत प्रार्थना करावी.

आपल्या शब्दांत! ऐकून चिटणीसांनी कपाळाला हात लावला होता. त्यांचा उभा जन्म नोंदणी कार्यालयात लोकांचे अर्ज दुरुस्त करण्यात गेला होता. लोकांचे शब्द काय लायकीचे असतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी समिती स्थापन करवली, समितीनं त्यांनाच चिटणीस केलं आणि पहिला नियम झाला: ज्याला आपल्या शब्दांत प्रार्थना करायची असेल, त्यानं ती बुधवारपर्यंत लेखी आणून द्यावी. चिटणीस ती तपासत, खोडत, नव्यानं टाइप करत आणि रविवारी ज्याची त्याला चिठ्ठी देत. ओळ संपली की चिटणीसांचा हात वर. हात वर गेला की मंडळीचा आवाज. त्यासाठी शनिवारी तालीमही असे. मागे राहणाऱ्याला सगळ्यांदेखत एकट्यानं ओरडायला लावत. त्यामुळे आता समोरचा काय बोलतोय, या भानगडीत कोणी पडत नसे. सगळ्यांचे डोळे त्या एका हातावर असत.

आज पाचवा क्रमांक धुलाईवाल्या बाईचा होता. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात ती कामाला होती. तिचा कागद वाचून चिटणीसांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. नवऱ्याचं दुखणं काय, कामाची पाळी काय, वर घराचा पत्ता! देवाला कोणी पत्ता देतं? त्यांनी सगळ्यावर काट मारून खाली सुबक ओळ टाइप केली: 'जगभरातील सर्व रुग्णांसाठी व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी.' एका नवऱ्याच्या जागी त्यांनी तिला अख्खं जग दिलं होतं. बाईनं साधे आभारही मानले नव्हते.

ती उभी राहिली. चिठ्ठीवरची ओळ तिनं अडखळत वाचली. हात वर गेला, मंडळी गरजली. बाईनं चिठ्ठीची घडी केली आणि पिशवीत टाकली.

"माझा नवरा तीन महिने अंथरुणाला खिळलाय," ती म्हणाली. "त्याला एकटं ठेवता येत नाही. उठायला जातो आणि पडतो."

चिटणीस दचकले. पण बाई श्वास घ्यायला थांबली आणि सवयीनं त्यांचा हात आपोआप वर गेला.

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक!"

"उद्यापासून माझी पाळी सकाळची झालीय. शेजारीण येते, पण नऊला."

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक!"

आणि चिटणीसांना एकदम उपाय सापडला. बाईला बसवायची गरजच नव्हती. काय बोलायचं ते बोलू दे, मंडळीच्या आवाजापुढे तिचा निभाव लागणार नव्हता. आता ते ओळ संपायचीही वाट बघेनात.

"सहा ते नऊ कोणी त्याच्याजवळ—"

हात वर. "प्रभू, आमची प्रार्थना ऐक!"

"नुसतं बसायचंय. एकच आठवडा, तोवर मी दुसरी सोय—"

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक!"

"नाहीतर माझं काम जा—"

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक!"

शेजारी बसलेल्या बायकोनं चिटणीसांची बाही ओढली.

"अहो, ती काहीतरी सांगतेय."

"प्रार्थना करतेय ती," चिटणीस दातओठ खात पुटपुटले. "कोणी प्रार्थना करत असताना मध्ये बोलू नये, एवढं कळत नाही तुला?"

बाईचा चेहरा लाल झाला होता. बाकाची पाठ तिनं घट्ट धरून ठेवली होती. "टाकीच्या मागची गल्ली," ती मोठ्यानं म्हणाली, "शेवटचं घर—" आणि चिटणीसांनी या खेपेला दोन्ही हात वर केले. असा आवाज त्या चर्चमध्ये कधी झाला नव्हता. मागच्या रांगेतली झोपाळू माणसंसुद्धा नरड्याच्या शिरा ताणून ओरडली. पाळकसाहेब वेदीजवळ उभे होते. त्यांनी डोळे मिटून समाधानानं मान हलवली. असा सहभाग बघायला नशीब लागतं.

बाई बसली नाही. आवाज पुरता विरेपर्यंत ती थांबली. तिनं वेदीकडे पाठ केली आणि बाकांकडे तोंड करून उभी राहिली. तिनं शेवटच्या रांगेपर्यंत एकेक चेहरा बघून घेतला. चिटणीसांचे हात अजून हवेतच होते, पण आता त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

"प्रभूला मी घरीच सांगितलंय," ती म्हणाली. "हे तुम्हाला सांगत होते."