हुंकारा

"हुंकारा दे, पोरी. हुं म्हननारा गोष्टीचा साक्षीदार असतो." जात्यावर बसलेल्या आईचा तो आवाज नंदाबाईला आज पुन्हा ऐकू आला.

समोर पुतण्या निलेश मोबाईल स्टँडवर बसवत होता. औंढ्यातल्या याच ओसरीवर त्यानं मागं तिची गोष्ट शूट केली होती. थोरल्या जावेवर, आक्काबाईवर, सासूची नथ चोरल्याचा आळ आला, आणि पुढं तीच नथ घरच्या भाताच्या कणगीत सापडली. कणगीत लपवली कुणी, तेवढं नंदाबाईनं गिळलं होतं. आपल्याच घराची लाज आपण कशाला उघडी करायची?

निलेशनं त्यातलं एवढंच ठेवलं, "सासू म्हनली, आक्काबाई चोर." मागं खिदळण्याचा आवाज जोडला. कामशेतच्या बाजारात पोरं आक्काबाईला बघून नाकाला चिमटा घेऊन नथीची खूण करू लागली. तिनं बाजार सोडला, मग उंबरा ओलांडणंही. आत्ताही ती आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"कनगीचं का रं कापलंस?" नंदाबाईनं तेव्हाच विचारलं होतं.

"काकी, शेवटपर्यंत कोण थांबतंय? लोकांचा अंगठा सरकतो. शेवट असतो ना, तो पहिल्यांदा सांगून टाकायचा."

ते बोलणं तिनं पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

"आज लाइव्ह आहे," निलेश म्हणाला.

"मंजी? मागनं कापता येतं?"

"न्हाई. तोंडातनं निघालं की गेलं."

"मग तू हुंकारा दे. त्याबिगर मला सांगता येत न्हाई."

"देतो की." त्याची नजर बघणाऱ्यांच्या आकड्यावर होती. शेजारी त्याची आई, नंदाबाईची मधली जाऊ, सुपात तांदूळ निवडत होती.

नंदाबाईनं पदर सारखा केला. "आज शेवट पहिला सांगते."

"हुं."

"आक्काबाईनं नथ चोरली न्हाई."

"हुं." आकडा भराभर चढत होता. निलेशच्या ओठांवर हसू आलं.

सुपातला हात थांबला. "नंदा," मधली जाऊ हळूच म्हणाली, "पोराकडं बघ गं."

नंदाबाईनं पोराकडंच बघितलं.

"नथ कनगीत लपवली ती ह्या निलेशच्या आईनं. म्या माज्या डोळ्यानं बघितलं."

आकड्यावरची नजर न काढता निलेश म्हणाला, "हुं."