केतकीचा दाखला

केतकीच्या डोक्यावरची तारांची टोपी काढत कुंभारेबाई म्हणाल्या, "झालं! पाचवीपर्यंतचं सगळं काढून घेतलं. नगरपालिकेच्या शाळेनं डोक्यात चढवलेलं नगरपालिकेला परत. नवी शाळा पहिल्याच दिवशी आपलं चढवील."

दारात उभ्या मुकुंदने मान डोलावली. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला, तेव्हा याच शाळेने केतकीच्या डोक्यात एका दुपारीत खुणांची भाषा चढवून दिली होती. तेव्हापासून बापलेकीच्या गप्पा त्याच्या हातांवर चालायच्या. दाखल्याच्या अर्जावर सही करताना त्याच्या डोळ्यांपुढे गणित होतं, इतिहास होता. ही भाषाही शाळेचीच, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

केतकी धावत आली. त्याने हातांनी विचारलं, 'दुखलं का गं?'

ती नुसती त्याच्या बोटांकडे बघत राहिली. त्याने पुन्हा विचारलं, सावकाश.

"अगंबाई," कुंभारेबाई पुटपुटल्या, "तिकडच्या शाळेत ही भाषा नाहीच हो."

"बाबा, हाताला मुंग्या आल्यात का?" म्हणत केतकीने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले आणि ती ते चोळू लागली.

मुकुंदला खूप बोलायचं होतं. पण त्याने हात सोडवून घेतले नाहीत.