वाळू खाणारे

"नऊ तास," नकाशावर कर्कटकाचं टोक रोवून कप्तान म्हणाला. "खडक अजून नऊ तास पुढे आहेत. संध्याकाळी शिडं उतरवू. तोवर जेवून घ्या, जावईबापू."

जावयाची ही पहिलीच सफर. घरी लेक सातव्या महिन्यात होती. निघताना "यांना धड परत आणा, बाबा," एवढंच तिनं मागितलं होतं.

तीन दिवस सूर्य नव्हता, तारे नव्हते. धुकं असं, की शिवी दिली तर समोरच्यापर्यंत पोचेतो भिजून जाई. अशा वेळी गलबत कुठे आहे ते सांगणारे दोघेच: वेग मोजायची दोरी आणि वाळूचं घड्याळ. वेगाला वेळेने गुणायचं आणि नकाशावर तेवढं पुढे सरकायचं. पाळी चार तासांची, घड्याळ अर्ध्या तासाचं. आठदा उलटं केलं की पाळी सुटली.

पण थंडीने कुडकुडणारा खलाशी वाळू संपायची वाट थोडीच बघतो! वर चिमूटभर उरली असतानाच तो घड्याळ उलटं करी. असं आठदा केलं की अर्धा तास खिशात. याला ते 'वाळू खाणं' म्हणत. सगळेच खात. तरुणपणी कप्तानानेही पोटभर खाल्ली होती.

जावई दारात रेंगाळला. "मामा, एक सांगू? या खेपेला कुणीच वाळू खाल्ली नाही."

कप्तानाने मान वर केली.

"मी सगळ्यांना हात जोडले. म्हटलं, मला बाळाचं तोंड बघायचंय. तर तो सुकाण्या म्हणतो कसा, 'जा दादा, तुमच्या पोरासाठी आम्ही उपास धरला!' आणि खरंच धरला हो."

"एकाही पाळीला नाही?"

"अठराच्या अठरा पाळ्या. कण न कण मोजून."

कप्तानाने वही ओढली. बत्तीस वर्षं तो एक गोष्ट गुपचूप करत आला होता. कुणाला सांगितली असती तर लोकांनी दुप्पट खाल्ली असती. चोरी नेमाने होत असली की तीही गणितात बसते. पाळीचे आठ अर्धे तास सांगितले की तो मुकाट्याने सातच मांडायचा. समोरच्या पानावर अठरा वेळा सात होते.

अठरा पाळ्या, दर पाळीला अर्धा तास. त्याने कर्कटकाचं टोक नऊ तास पुढे नेलं. ते खडकावर जाऊन टेकलं.

वर कुणीतरी किंचाळलं. धुक्यात, अगदी नाकासमोर, लाटा फुटत होत्या.

"मामा, माझं काही चुकलं का?"

"नाही, बापू," कप्तान म्हणाला. "या खेपेला वाळू मी एकट्यानेच खाल्ली."