सगळ्यांची सुट्टी

तिघेही तुर्भ्याच्या एकाच कारखान्यात, पण धर्मराजची सुट्टी शुक्रवारी, सदूची रविवारी, कमळाकरची बुधवारी. तिन्ही घरांनी मिळून मुंबई बघायचा बेत दर महिन्याला ठरायचा आणि मोडायचा.

“तुमच्या सुट्ट्यांची गाठ पडंना, मला राणीची बाग दिसंना, अन् नवं लुगडं पेटीतनं निघंना!” धर्मराजची गोजरा करवादायची.

एका सकाळी धर्मराज कामावरून लगेच माघारी आला. “उद्या समदे मिळून मुंबईला जायचंय. बायापोरांसकट.”

गोजरानं हरखून पेटीच उघडली. “तिघांना एकदम सुट्टी दिली सायबानं?”

“साऱ्या कारखान्यालाच दिली. गेटाला टाळं लागलंय. उद्या मोर्चा हाय.”

तिनं लुगडं परत आत ठेवलं. “मग जुनंच नेसते... राणीची बाग लागंल का वो वाटेत?”