टाचेवरचा भार

पडद्यावरची दोन्ही पावलं पुन्हा टाचांकडून लाल झाली.

काचेपलीकडे शिवांगी पांढऱ्या उतारावर स्की करत होती. बर्फ आपला म्हणायचा. खरा तो गालिचा होता. मोटरवर तो सतत वर सरकत राही, म्हणून पोरगी घसरत असायची आणि तरीही जागच्या जागी असायची. मस्कतच्या मॉलमध्ये याहून जास्त काय मिळणार? तिच्या बुटांतले पातळ सोल पायाखालचं वजन मोजत आणि मोबाईलमधला कोच तिच्या कानात सूचना देत राही. चवड्यावर भार देऊन उताराच्या अंगाला झुकलं की पावलं हिरवी होतात, गुण चढतात. भिऊन मागे रेललं की लाल. बाहेर बाकावर बसून बसून ओमप्रकाशला एवढं कळायला लागलं होतं.

ऐंशी गुण झाले की डिसेंबरात क्लब तिला जॉर्जियाला नेणार होता. खऱ्या बर्फावर. आज शेवटचा दिवस, शेवटची फेरी.

पट्टा थांबला. पडद्यावर आकडा आला : एकाहत्तर.

हेल्मेट काखेत मारून शिवांगी बाहेर आली. चौदा वर्षांची पोर, पण चालत आली ती म्हातारीसारखी.

"थोडक्यात हुकलं गं."

"थोडक्यात नाही, बाबा. लास्ट मंथ पण हेच होतं. त्याच्या आधी पण. मी इथेच स्टक आहे."

तो उठून काउंटरवर गेला. तिथली दिलशाद त्याला ओळखत होती.

"मॅडम, लडकी बहुत मेहनत करती है. एक बार और..."

"अंकल, मेरे हाथ में होता तो कब का कर देती. मार्क भी सिस्टीम देता है, नाम भी वही भेजता है. अब तो खलास, बंद हो गया."

अर्बाबपुढे, म्हणजे मालकापुढे, हात जोडून त्याने कितीदा रजा मिळवली होती, एकदा तर गेलेली नोकरीही परत आणली होती. हात जोडण्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. पण इथे हात जोडायचे तर कुणापुढे?

शिवांगी बाकावर बसून बूट बदलत होती. स्कीच्या बुटांतले सोल काढून तिने सवयीने आपल्या साध्या बुटांत सरकवले. चालतानाही सराव करायचा, असं कोचने सांगितल्यापासून ती शाळेतसुद्धा ते घालून जायची. मग तिच्या काय मनात आलं कोण जाणे, कानातला इअरफोनचा बोंडू काढून तिने डबीत टाकला आणि डबी, मोबाईल दोन्ही बापाच्या हातात दिलं.

"ठेव तुझ्याकडे. मला आता कोणी काही सांगायला नको."

टॅक्सीने रुवीचा भाग मागे टाकल्यावर तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी आपण इथे असणार आहोत?"

मार्चमध्ये त्याचं काँट्रॅक्ट संपत होतं. वाढवणार नाहीत, हे त्याने फक्त बायकोला, प्रभावतीला सांगितलं होतं, तेही स्वयंपाकघरात, नळ सोडून. पण दोन खोल्यांच्या घरात नळाचा आवाज असा किती पुरणार?

"बाबा, उतारावरून उतरायला मला कोणी शिकवलं?"

"मीच. दुसरं कोण?"

"गावाला. ती... स्टेप्सवाली वाट."

"पाखाडी."

"हां, पाखाडी. तू काय सांगायचास?"

ओमप्रकाश खिडकीबाहेर बघू लागला. शेवाळलेला जांभा, खाली वहाळाचं पाणी आणि त्याचं बोट घट्ट धरलेली पाच वर्षांची पोर. टाच रोव, बाय. मागे रेल. पडलीस तरी बसशील, तोंडावर नाही आपटणार. त्याला त्याच्या बापाने हेच शिकवलं होतं.

"मी सगळं करते, बाबा," ती म्हणाली. "कोच सांगतो ते सगळं. पण जरा भीती वाटली ना, की तेच येतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दार्सैतला, घराजवळ, टॅक्सी नेहमीसारखी चढावरच थांबली. खाली बिल्डिंगपर्यंतची गल्ली अरुंद होती. तो ड्रायव्हरला पैसे देऊन वळला, तेव्हा शिवांगी उताराच्या तोंडाशी उभी होती. तिने गुडघे वाकवले, दोन्ही हात पुढे धरले, छाती उताराकडे झोकली आणि स्वतःला सोडून दिलं.

त्याच्या खिशातून आवाज आला. "गुड. वेट फॉरवर्ड."

त्याने मोबाईल बाहेर काढला. दोन्ही पावलं हिरवीगार झाली होती. आकडा चढत होता. चौऱ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. खाली ती धावत नव्हतीच. जणू कुणी तिला हाक मारली होती आणि ती निघाली होती.

"परफेक्ट," कोच म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द ओमप्रकाश पहिल्यांदाच ऐकत होता. ब्याऐंशी.

खालच्या वळणावर गाडीचे दिवे चमकले.

"शिवू! टाच रोव!"

ती जागीच थांबली. टाचा रोवून, पाठ मागे टाकून, हात हवेत पसरून.

गाडी वळणावरून दुसऱ्याच रस्त्याला निघून गेली. इकडे गाडी येणारच नव्हती.

"वेट बॅक," त्याच्या हातातला आवाज म्हणाला.

शिवांगीने मागे वळून पाहिलं नाही. उताराच्या मधोमध ती तशीच मागे रेलून उभी राहिली, आणि पडद्यावरची दोन्ही पावलं हळूहळू टाचांकडून लाल होत गेली.