गाभा एका अंगाला

करवत थांबवून थोरल्याने फळीचा कापलेला तुकडा उजेडात धरला. गाभा मधोमध नव्हता. एका अंगाला वलयं नखासारखी पातळ नि दाट, दुसऱ्या अंगाला बोटबोट रुंद. त्याने भुसा पुसला, पुन्हा बघितलं आणि स्टुलावर बसला.

ते वाचनालयाचं दार होतं, त्याच्याच कारखान्यात घडलेलं. फरशीला घासत, तीनदा रंधून घेत दाराने कशीबशी अकरा वर्षं काढली. आता तिथे काचेचं दार बसणार होतं, म्हणून हे परत आलं होतं. लाकूड वाया कशाला घालवा, एखादं कपाट निघेल त्यातून, एवढाच थोरल्याचा विचार.

बाजारात थोरल्याला ओळंबा म्हणत. भिंत तिरपी आहे की नाही हे तो दोरी न लावता सांगायचा. त्याला बघून भिंती आपणहून सरळ होतात, अशी थट्टाही चालायची. या दाराचं झाड त्याने एकट्याने जाऊन निवडलं होतं. नदीकडच्या उतारावर उभं, बुंध्याशी जरासं कललेलं, वर सरळसोट. उतारावरचं लाकूड दाराला घेऊ नये, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? कललेलं झाड स्वस्थ बसत नाही. खाली कुठे नि वर कुठे हे त्याला आतून कळतं, आणि मग ते वर्षानुवर्षं एकाच अंगाला जास्त लाकूड चढवत स्वतःला उभं करत राहतं. दिसायला सरळ, पण आत सगळी ओढाताण. तसली फळी कितीही वाळवा, ती आपल्या वळणावर जाणारच. पण खोड असं देखणं होतं की त्याला मोह आवरला नाही. गिरणीतून फळ्या मापाने चिरून आल्या, त्याच दुपारी टोकं तडकू नयेत म्हणून त्याने स्वतःच त्यांना रंग फासला. आधी वलयं बघा, मग रंग लावा, असं दहा जणांना शिकवणारा माणूस. त्या दिवशी त्याने बघितलं नाही. आपण निवडलेलं झाड, त्यात बघायचं काय?

वाळवणीचं काम धाकट्या भावाचं होतं. फळ्यांची थप्पी लावायची, मध्ये हवेसाठी पट्ट्या घालायच्या, वरखाली करत राहायचं. दार बसलं आणि वर्षाच्या आत वाकलं. वाचनालयाची माणसं कारखान्यात येऊन उभी राहिली, तेव्हा थोरल्याने त्यांच्यासमोर सगळं खापर धाकट्यावर फोडलं.

"ओलं लाकूड दिलंस मला. हात कच्चा तो कच्चाच राहिला तुझा."

धाकट्याने ब्र काढला नाही. गप्प बसला म्हणजे चूक कबूल, असं थोरल्याने धरून टाकलं. पुढे धाकटा वेगळा झाला. आता तो बसच्या आगारात गाड्यांची वेळापत्रकं लावतो. त्यानंतर त्याने रंधा म्हणून हातात घेतलेला नाही. खरं तर दोघांत सफाई त्याच्याच हाताला जास्त होती. थोरल्याला ते तेव्हाही माहीत होतं, पण तोंडाने म्हणून कधी कबूल केलं नव्हतं. आज ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

"फोन करा की भावजींना," सगळं ऐकून थोरल्याची बायको म्हणाली.

"हे फोनवर सांगायचं नाही," तो म्हणाला. त्याने तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि अंगावरच्या भुशासकट निघाला. काय बोलायचं ते त्याने वाटेत चारदा जुळवलं. आधी तुकडा दाखवायचा, मग माफी मागायची, मग परत ये म्हणायचं.

धाकट्याने दार उघडलं. "ये ना, दादा. बस," म्हणत त्याने टेबलावरचे तक्ते बाजूला सारले. त्याची बायको पाणी ठेवून आत गेली. थोरल्याने तुकडा टेबलावर ठेवला.

"गाभा बघ. चूक वाळवणीची नव्हती. झाडाची होती. म्हणजे माझी."

धाकट्याने तुकड्याला हातही लावला नाही.

"बघ तरी."

"बघितलाय."

"कधी?"

"तेव्हाच. ती माणसं यायच्या आदल्या दिवशी मी जाऊन दार बघून आलो होतो. वरच्या टोकाचा रंग पटाशीने खरवडला."

"मग बोलला का नाहीस? एवढं सगळं तुझ्यावर आलं. एक शब्द टाकला असतास, तर मी..."

"चार माणसांत तुला मान खाली घालायला लावू? झाड तू निवडलंस, हे सगळ्यांना माहीत होतं." धाकट्याचा आवाज चढला नाही, की थरथरला नाही. "मला वाटलं, माणसं गेली की तू विचारशील, नक्की काय झालं रे म्हणून. महिनाभर वाट बघितली, दादा. तू विचारलंच नाहीस."